पट्टीवरची दुसरी रेघ

बुधवार, ९ ऑक्टोबर

प्रिय खडूस,

पत्र पाहून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. वन्सं बऱ्या आहेत ना? बहिणीचं घर म्हणून पाहुण्यासारखा पसरू नकोस, भांडी घासत जा. घटस्फोटाच्या कागदांवर मी अजून सही केलेली नाही. वकिलांचे फोन येताहेत, मी उचलत नाही. चिडू नकोस, आधी पुढचं वाच.

प्रयोगशाळेतल्या राणीसाहेबांना दिवस गेलेत. राणीसाहेब म्हणजे आमची सगळ्यात भांडकुदळ माकडीण. गर्भ राहिला की एक संप्रेरक तयार होतं आणि ते आईच्या शरीराला बजावतं, कुणीतरी आलंय, या महिन्यात पाळी नको. ते बनवणारा जनुक कसा आला ठाऊक आहे? फार पूर्वी, माकडांच्या नि आपल्या कुणा पूर्वजात, एका जुन्या जनुकाची नक्कल झाली आणि त्या नकलेत पूर्णविराम हुकला. वाक्य थांबायचं तिथे थांबलं नाही, पुढेच वाचलं गेलं. तू मुद्रितशोधक. तुझ्या हाती ते पान आलं असतं तर लाल पेनाने चूक सुधारून मोकळा झाला असतास, आणि राहिलो असतो आपण सगळे जन्मायचे!

माणसात नि माकडात तो जनुक थोडा वेगळा असतो. म्हणून औषधाच्या दुकानातली गर्भचाचणीची पट्टी माकडिणीला ओळखते का, ते सोमवारी आम्ही बघत होतो. राणीसाहेबांची सोनोग्राफी झालेली, तरी एकच रेघ. नाहीच ओळखलं.

आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "आता तुलनेला गर्भार नसलेल्या बाईचा नमुना हवा."

"माझा घ्या," मी म्हटलं. "माझ्याइतकी खात्रीची दुसरी कोण मिळणार?" हसतच म्हटलं.

दोन रेघा आल्या.

"हात्तिच्या, अख्खं खोकंच खराब आलंय," म्हणत मॅडमनी दुकानदाराला फोनवर असं फैलावर घेतलं की तो गयावया करायला लागला. घरी येताना मी दुसऱ्या दुकानातून दुसरी पट्टी घेतली.

खोकं खराब नव्हतं रे.

हो, तेव्हाचंच. सह्या करायला म्हणून आलास आणि मुक्कामाला राहिलास, तेव्हाचं. सकाळी दोघांनीही काही झालंच नाही असा चहा घेतला होता.

आज रक्त दिलं. त्या संप्रेरकाचा आकडा आलाय, पण एकट्या आकड्याला काही अर्थ नसतो. दोनेक दिवसांत तो दुपटीच्या आसपास जावा लागतो. शुक्रवारी पुन्हा रक्त, संध्याकाळी दवाखान्यात रिपोर्ट. आधीच्या तिन्ही वेळी तो चढता चढता घसरला, हे तुला सांगायला नको. दिवसभर त्याच जनुकाशी माझं काम, पण इथे माझ्या शिक्षणाचा काडीचा उपयोग नाही. मी फार घाबरलेय. आणि आनंदही झालाय, तो कुणाला दाखवायची सोय नाही.

तिसऱ्या वेळेनंतर "आता पुन्हा नाही" म्हणालास. तुला माझे हाल बघवत नव्हते. मी मात्र ऐकलं ते "तू नकोस" असं. त्यावर आपण इतकं भांडलो की खरं काय ते विचारायचंच राहून गेलं.

फोन केला असता तर नुसती रडले असते. कुरियरवाला उद्या दुपारपर्यंत पत्र पोचवतो म्हणालाय.

दर वेळी तू दवाखान्याच्या दाराबाहेर थांबलास. आकडा मी वाचला, बाहेर येऊन तुला सांगितला, आणि वर तुझीच समजूत काढली. या वेळी लिफाफा मी उघडणार नाही. तू आत यायचंस, तू वाचायचंस, आणि चढलेला असो की पडलेला, माझ्याकडे बघून मला सांगायचंस. जमणार नसेल तर येऊच नकोस. मग कागद सही करून पाठवते, आणि पुढचं जे काही असेल ते माझं मी बघेन.

शुक्रवारपर्यंत तरी तुझीच,
बायको