ओल्या हातांना लावायचं

प्रिय ठमे,

तुझं मलम पोचलं. मलम म्हटलं की तू चिडतेस, पण प्रयोगशाळेत एवढं डोकं शिणवून केलेल्या क्रीमला तुझा गवंडी बाप मलमच म्हणणार. डबीवरचं ‘पॅन्थेनॉल’ हे नाव तुझ्या आईने मला तीनदा वाचून दाखवलं. कातडीत मुरलं की त्याचं जीवनसत्त्व होतं, ते ओल धरून ठेवतं, रखरखीत कातडी मऊ पडते, असं तू चिठ्ठीत लिहिलंस. चाळीस वर्षं सिमेंटमध्ये घातलेल्या हातांचं आता काय व्हायचंय, असंच मला वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

पहिला आठवडा तर फजितीच झाली. मी कोरड्या हातांवर चांगला जाड थर दिला आणि वाळायची वाट बघत पंख्यासमोर बसलो. चष्मा नाकावरून घसरला तरी हात लावायची सोय नाही. पेपरची पानं तुझी आई उलटत होती, आणि हसत होती. शेवटी तिने तुझी चिठ्ठी पुन्हा वाचली. हात धुऊन, जरा ओले असतानाच, पातळ लावायचं! मी कपाळावर हात मारून घेतला. भिंत भिजवल्याशिवाय गिलावा करू नका म्हणून जन्मभर हाताखालच्या गड्यांवर ओरडलो आणि स्वतः कोरड्या भिंतीवर थापत बसलो. मग मात्र शिस्तीत सुरुवात केली. भिंतीवर पाणी मारायचो तसं रोज, न चुकता. महिना झाला. भेगा बुजल्यात, आग थांबलीय. अंगठा अजून खरखरीत आहे, पण आता बटण लावताना दुखत नाही.

एक गोष्ट तुला आठवत नसेल. तू चार वर्षांची होतीस, पडून रडत होतीस. मी गाल पुसायला गेलो तर तू तोंड फिरवलंस आणि आईला म्हणालीस, बाबांचे हात टोचतात. तुझं काही चुकलं नव्हतं, खरंच टोचत होते. त्यानंतर मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, पाठ थोपटली, पण गालाला कधी हात लावला नाही.

काल तुझ्या आईने तिचा रेशमी रुमाल माझ्या हातात दिला. पूर्वी माझी बोटं त्याला लागली की धागे निघायचे. मी दोन्ही तळव्यांवरून फिरवला. कुठेच अडकला नाही. मला इतका आनंद झाला की मी तो पुन्हा पुन्हा फिरवत राहिलो, तेव्हा तिने हिसकावून घेतला.

तर पत्राचं कारण असं. बारशाला तू तुझ्या लेकीला माझ्यापुढे धरलंस आणि मी सर्दी झालीय म्हणून मागे सरलो. मला सर्दी झाली नव्हती. रविवारी आम्ही येतोय. दारातच माझ्याकडे दे तिला. मी हात धुऊन, तुझं मलम लावूनच येईन.

तुझाच,
बाबा