पाच नंबरचा फीडर

१७ तारीख, मंगळवार

प्रिय वहिनी,

कशी आहेस, असं विचारायला हात धजत नाही. पिल्लूचा खोकला कमी झाला का? त्याचा स्वेटर माझ्याकडेच राहिलाय, पाठवते.

इथे उपकेंद्रात सगळं तसंच आहे. ट्रान्सफॉर्मरची घरघर, पॅनलवर आठ फीडरचे आठ दिवे, एकेका लाइनचा एकेक. दादाची डब्याची पिशवी अजून खुंटीला आहे. कोणी काढत नाही. मीही नाही.

परवा तू म्हणालीस, "तुझा भाऊ पहिल्यापासून घायकुता. परमिट परत करून पुन्हा खांबावर चढायची अवदसा कुठून आठवली त्याला?" मी मान खाली घालून चहा पीत राहिले.

वहिनी, दादा घायकुता नव्हता.

त्या दिवशी त्याच्याकडे लाइन बंद ठेवून काम करायची दोन परमिटं होती, फीडर तीनचं आणि पाचचं. काम संपलं की लाइनमनने फोन करून आकडा सांगून परमिट परत करायचं, ऑपरेटरने, म्हणजे मी, तो आकडा पुन्हा म्हणून दाखवायचा, मगच वीज सोडायची. आमचं तसं कधी नव्हतंच. तो म्हणायचा, "ठमे, दे उजेड!" मी म्हणायचे, "दिला, महाराज!" अकरा वर्षं. आवाज घरचा, मग आकडा कशाला?

त्या दुपारीही तेवढंच बोललो. तीनचं काम आटपून तो पाचच्या खांबावर चढला होता, तिथूनच त्याने फोन केला. त्याला तीन चालू करून हवा होता, पण आकडा ना त्याने सांगितला, ना मी विचारला. पाचवर इस्पितळ आहे. त्यांचे तीन फोन येऊन गेले होते, जनरेटर धापा टाकतोय म्हणून. माझ्या डोक्यात पाचच होता. मी पाचचं बटण दाबलं. "दिला, महाराज," म्हणाले.

फोन चालूच होता.

वीज वाटेत रेंगाळत नाही गं. तिकडे दूर धरणाखाली चाक फिरतं, त्याच क्षणी इकडे दिवा लागतो. परत बोलवायला मध्ये श्वासाएवढीही जागा नसते.

चुकून आलेली वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची साखळी त्याच्या हातातच सापडली. तारेला अडकवायच्या तयारीत होता. नियमानेच चालला होता तो.

नंतर मी नोंदवहीत लिहिलं, 'पाचचं परमिट परत, आकडा सांगितला.' त्या एका ओळीने दोष त्याच्या माथी गेला.

उद्या दहा वाजता चौकशीत साहेबांपुढे ती ओळ खोटी आहे म्हणून सांगणार आहे. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही. पण साहेबांच्या आधी तुला कळायला हवं होतं.

शिव्या मला दे. त्याला देऊ नकोस.

तुझी म्हणवत नाही, म्हणून फक्त
ठमी