डाव्या हाताचा पीळ

९ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे. बाबांचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. तुला ऑफिसात खुर्ची बदलून मिळाली का?

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मधेच बोलतेस आणि मला पळवाट मिळते.

डॉक्टरांची ती जुनी काळी गाडी आपल्या गॅरेजात परत आलीय. हो, तीच. एकतीस वर्षं त्यांच्या शेडमध्ये झाकून होती, आता त्यांच्या नातीला चालवायचीय. काल इंजिनच्या पंख्याचा अख्खा जोड उतरवला. पाती, पुली, दांडा, आणि दांडा ज्यात फिरतो तो, तू घडवलेला पितळी बुश.

अगं, काय सांगू! दांडा पुसून बुशमध्ये उभा सोडला, तर धपकन पडला नाही. स्वतःच्या वजनानं, हवा बाहेर ढकलत, सावकाश खाली गेला. केसभर खेळ नाही! तेलासाठी तू हातानं कोरलेल्या नागमोडी खाचा जशाच्या तशा, कुठे ओरखडा नाही. मी चारदा सोडून पाहिला. बावीस वर्षांच्या पोरीचं हे काम, आणि मला पन्नाशीतही जमणार नाही.

आणि एकतीस वर्षांपूर्वी त्या दिवशी गाडी चढावर तापली, तेव्हा बाबांनी न उघडताच निकाल दिला, "बुश जाम झाला. हे तुझं काम नव्हे." गॅरेजची किल्ली तुझ्याकडून काढून घेतली. तू टायपिंगच्या क्लासला गेलीस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसे आपले बाबा.

पण खरा पीळ वेगळाच निघाला. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधलेली तार उलटी पिळलेली आहे. आपल्याकडे डावखुरा मी एकटाच. आणि पंख्याची मागची बाजू पुढे बसवलीय. तसा तो फिरतो, थोडा वाराही देतो. चढावर मात्र इंजिन तापणारच.

हे मला काल कळलं, असं लिहिणार होतो. खोटं कशाला? तेव्हा गाडी ओढून आणली त्याच संध्याकाळी मी उलटा पंखा पाहिला होता. बाबा तुझ्यावर ओरडत होते आणि मी मूग गिळून उभा होतो. चूक माझी, ताई, आणि भोगलंस तू.

आज सकाळी बाबांपुढे बुश आणि कापून काढलेली ती तार ठेवली, हातात दांडा दिला. त्यांनी सोडला, पाहिला, पुन्हा सोडला. मग ती तार चाचपली आणि माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिले.

"हो बाबा, मीच."

शिवी येईल वाटलं. ते म्हणाले, "मी उघडून का नाही रे पाहिलं?" आणि रडले. आपले बाबा, ताई!

पंखा सरळ बसवला. बुश तुझाच आहे, फक्त तेल घातलं. डॉक्टरांची नात चढ चढून आली, तापमानाचा काटा जागचा हलला नाही.

"खाचा कशा कोरल्या ते दाखवून जा म्हणावं तिला," बाबा म्हणतात. पाकिटात किल्ली त्यांनीच घातलीय. कुलूप अजून तेच आहे.

एकतीस वर्षं गप्प बसलेला,
तुझा डावखुरा