आमच्या फाटकापुढचं डांबर

२० मे
कॉलनीचे सेक्रेटरी काकासाहेब आले. रस्त्याला सील कोट मारायचा म्हणे. पातळ डांबर, वर बारीक खडी. घरटी दोन हजार. मी विचारलं, खड्डा कुठे आहे? म्हणाले, वहिनी, पडू नये म्हणूनच. म्हणजे नसलेल्या खड्ड्याचे पैसे. मीही मॅट्रिक आहे. दिले नाहीत. जाताना म्हणाले, गणपतीची ट्रॉली तुमच्याच फाटकाशी वळते, पहिली आरती तुमची, निदान त्यासाठी तरी. देवाला मध्ये घातलं, तिथेच संशय पक्का. चपलाही नव्या होत्या.

२१ मे
हे म्हणाले, आज दोन हजार घातले तर पुढचे वीस वाचतात. लोणचं चांगलं असतानाच तू वर तेल ओततेस ना? लोणचं वेगळं. तरी बोलायला जागा नको, म्हणून यंदा बरणीत वरून तेल नाही. दोन किलो वाचेल.

२६ मे, सकाळी १०
गॅलरीतून डांबराचे बॅरल मोजले. पाच. काकासाहेब म्हणतात सहा, एक टेम्पोआड आहे. असेलही. शेजारच्या जयमालाच्या फाटकापर्यंत काळं केलं आणि थांबले. पुढे आमचंच शेवटचं घर. खराट्याची काडी घालून जाडी पाहिली. नखाएवढी. एका पावसात जाईल.

१५ जुलै
जयमालापुढचं अजून गेलेलं नाही. आमच्यापुढे भेग. टेम्पो वळवताना मुद्दाम पाडली असणार.

२ ऑगस्ट
भेगेचा खड्डा झाला. विटांचे तुकडे भरले. खर्च शून्य. संध्याकाळी हे स्कूटरवरून तिथेच घसरले. यांना सावकाश चालवायला नको.

२० ऑगस्ट
तुकडे बाहेर, खड्डा परातीएवढा. कुणीतरी उकरतंय. पहाटे जप करता करता पाळत ठेवली. पाण्याचा टँकर तेवढा गेला. नंबर लिहून ठेवला. काकासाहेब म्हणतात, आता खालपासून करावं लागेल, एकट्या तुमच्यापुढचे अठरा हजार. आले मूळ मुद्द्यावर.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी
एकवीस मोदक केले, ताट घेऊन फाटकात उभी राहिले. ट्रॉली जयमालापाशीच थांबली. काकासाहेब म्हणाले, वहिनी, मूर्ती हलेल, पुढे नको. पहिली आरती तिची झाली. मी खड्ड्याच्या अलीकडून टाळ्या वाजवल्या. निरांजन वाऱ्याने विझलं.
जेवताना यांनी लोणचं मागितलं. बरणी उघडली. वर बोटभर पांढरी बुरशी. हे उठले. हात धुऊन आले आणि विचारलं, काकासाहेबांना फोन लावू?
लावा म्हटलं. पण बॅरल मी मोजणार.