तिसरं पेडल

प्रिय अहो,

संसारात कधी तुम्हाला नावानं हाक मारली नाही, मग पत्रात कशी मारू? 'अहो'च बरं. आज दुकान लवकर बंद केलं आणि तुमच्याच गादीवर बसून हे लिहितेय. आपल्या पिकअपचं काय करायचं, ते उद्या सकाळी गुड्डू मिस्त्रीला सांगायचं आहे. त्याला फक्त हो किंवा नाही हवंय. पण तुमच्याशी बोलल्याशिवाय दोन्ही शब्द माझ्या तोंडून निघेनात.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. बियाण्याचं दुकान मीच पाहते. कमानिया गेटकडची जुनी गिऱ्हाइकं 'भैया के टाइम में तो' म्हणत भाव पाडायला बघतात. मी त्यांना चहा पाजते आणि भावावरून हलत नाही. तुमच्याकडूनच शिकले की!

गाडीनं दगा दिला तो वाटाण्याच्या पेरणीआधी. मझौली गावाला बियाण्याची पोती घेऊन निघाले होते. रेल्वेच्या पुलाच्या चढावर इंजिन एकाएकी ओरडायला लागलं आणि गाडी पुढे जाईना. पाय दाबावा तसा नुसता आवाज वाढायचा, वेग काही नाही. मागून हॉर्न वाजत होते. कशीबशी वर चढली, आणि सपाट रस्त्यावर आली तशी शहाण्यासारखी चालू लागली.

मिनूला सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मी, बेच दो ना. कब तक खींचोगी?" आपली पोरगी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते, तुम्ही नाही का चिडायचात! मी म्हटलं, "काहून विकू? चालून राहिली ना अजून." तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मला आवडली नाही.

तिला काय माहीत? तुमचा डावा पाय मळणीयंत्रात गेला, तेव्हा ती पोटात होती. दवाखान्यात तुम्ही शुद्धीवर आलात आणि पहिलं काय बोललात, आठवतं? "आता क्लच कोण दाबणार?" सासूबाई रडत होत्या आणि मला हसू फुटलं. त्या हसण्यावरून त्या मला किती वर्षं बोलत राहिल्या.

मग कितीतरी वर्षांनी धरणाच्या कामावरच्या परदेशी साहेबांची ही गाडी लिलावात निघाली. क्लच नाही, गिअर आपोआप बदलणारे, एका उजव्या पायावर चालणारी. तुम्ही ती कांचघरला आपल्या घराच्या दारात आणून उभी केलीत, तेव्हा अख्खी गल्ली वाकून वाकून आत बघत होती. दोनच पेडल? तुम्ही बोनेटवर हात ठेवून नवरदेवासारखे उभे होतात. त्या दिवसापासून तुम्ही कुणाला 'मला जरा सोड' असं म्हणाला नाहीत. मलाही गाडी शिकवलीत ती हीच.

तिच्या गिअरबॉक्सचं तेल बघायचं म्हणजे आपल्या घरचा सोहळा असे. आधी गाडी फिरवून गरम करायची. मग मी आत, ब्रेकवर पाय ठेवून, आणि तुम्ही बाहेर बोनेट उघडून. "इंजिन बंद नको करू," हे दर वेळी बजावायचात, जणू मी कालच लग्न करून आले होते. गिअरचा दांडा एकेका खाचेत नेऊन परत पहिल्या खाचेत आणायचा, मग तुम्ही तेल मोजायची पट्टी ओढायचात, पुसायचात, परत घालायचात. पट्टीवर तेल कुठवर हवं, ते मात्र मला कधी दाखवलं नाहीत. का हो? मला नुसतं ब्रेकवर बसवून ठेवलंत.

तुम्ही गेल्यावर ते काम राहूनच गेलं. त्याला दोन माणसं लागतात ना! मिनूला हाक मारता आली असती. मारली नाही. तुमच्या जागी बाहेर दुसरं कुणी उभं राहिलेलं मला बघायचं नव्हतं.

गुड्डूनं आधी इंजिन बंद करूनच पट्टी ओढली. सगळ्या गाड्यांचं तेल तो तसंच बघतो. "तेल तो फुल है, भाभीजी. गिअरबॉक्स ही गया समझो." मी म्हटलं, "भैया, एक बार गाडी चालू करके देखो." आत बसले, ब्रेक दाबला, दांडा सगळ्या खाचांतून फिरवला. त्यानं पुन्हा पट्टी ओढली, तर टोकाला जेमतेम ओल. बंद गाडीत वरचं तेल खाली उतरून पट्टीला लागतं आणि भरल्यासारखं दिसतं, हे त्यालाही तेव्हाच उमगलं. तो मोकळेपणानं हसला. "ऐसी गाड़ी हमारे पास आती ही कहाँ है!"

खालच्या सीलमधून तेल झिरपत होतं. त्यानं सील बदललं, तेल भरलं. पुलावर गाडी सरळ चढली. अहो, मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्यानं बोलत होते, तुमच्याशी. मझौलीला जाताना सगळं ठीक होतं. परत येताना गाडी तापली आणि पुन्हा तेच, नुसतं ओरडणं. रिव्हर्स चांगला पडायचा, पुढचेच गिअर पकडत नव्हते.

मग गुड्डूनं तेल बोटावर घेऊन मला हुंगायला लावलं. लाल तेलाचा उकळून उकळून काळा झालेला चहा झाला होता, आणि वास जळका. खालचं पात्र उघडलं तर तळाशी काळा गाळ, आणि त्यात चकचकीत कण. आतल्या प्लेटा झिजून गेल्या होत्या. तेल कमी असताना जितकं चालवलं, तितक्या त्या जळत गेल्या. त्यानं सुट्या भागांसाठी नागपूरला विचारलं, दिल्लीला विचारलं. कुठे मिळेनात. मी खूप रडले. तो बिचारा पाना हातात घेऊन उभा राहिला.

त्यानं उपाय सांगितला. दुसऱ्या गाडीचा साधा गिअरबॉक्स बसवायचा, जो कुठेही दुरुस्त होतो. खाली डावीकडे तिसरं पेडल येईल, क्लचचं. मी लगेच नाही म्हटलं. का, ते मलाच कळेना. पैसे आहेत. गाडीशिवाय दुकान चालायचं नाही, हेही दिसतंय. गुड्डूला नवल वाटलं. "इसमें दिक्कत क्या है, भाभीजी? आपके तो दोनों पैर सलामत हैं."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी तिथल्या टायरवरच बसले.

खरंच हो, मला कसली अडचण? अडचण तुमची आहे. वर्षभर मी ती गाडी चालवली, पण तुमची सीट एक खाचही पुढे ओढली नाही. पाठीशी उशी घेतली, पेडलपर्यंत पाय ताणले. लोकांना सांगत होते की सीट अडकली आहे. मिनूला सारं कळत असणार. तुम्ही कधीही येऊन बसाल आणि निघाल, अशीच मी ती ठेवली होती. तिसरं पेडल लागलं की ती तुम्हाला चालवता येणार नाही.

तेराव्याला मला रडू आलं नव्हतं, आठवतं? नाही, तुम्हाला कसं आठवेल.

उद्या मी गुड्डूला हो म्हणणार आहे. उशी घरी ठेवून जाईन, सीट पुढे ओढेन. मिनूला शेजारी बसवून क्लच शिकेन. पहिल्या दिवशी गाडी बंद पडेल, बाजार हसेल, हसू दे. चढावर तिला मागे येऊ देणार नाही, हा माझा शब्द.

अहो, रागावू नका. तुमची जागा आता मी घेते.

तुमचीच,
सुमन