दोरीपलीकडचं टेबल

आई, रविवारी मी तिकीट काढून एक टेबल बघायला गेलो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "टेबल बघाया बेंगळूर कशाला पायजे रं, वेल्ह्यात टेबलं न्हाईत व्हय?" पण मी बेंगळूरलाच असतो आता. शिरवळची कंपनी सोडली, मग सुरत झालं, मग हितं आलो. उंच बिल्डिंगींना काचा बसवायचं काम. खोलीवरची पोरं सणाला आपापल्या गावी गेलेली, साइट बंद, सकाळपासून तोंडातनं शब्द निघाला नव्हता. चहावाल्यालाही नुसतं बोट दाखवलं. बसस्टॉपवर एका म्युझियमचं पोस्टर होतं. वायरींची गुंतवळ, सोल्डरिंग गन, पाठ उघडी पडलेला एक डबा आणि वर वाकलेला दिवा. मला आधी वाटलं, आपल्या दुरुस्तीच्या गाळ्याचाच फोटो कुणी काढून नेलाय. म्हणून गेलो.

एका इंजिनियरची खोली होती ती. दवाखान्यात हृदयाचे ठोके दाखवायचं मशीन असतं बघ, त्याच्यातलं काहीतरी त्यानं बनवलं, असं तिकीटवाल्यानं हिंदीत सांगितलं. तो वारला तेव्हा टेबल जसं होतं तसं उचलून हितं मांडलंय. पुढं जाड लाल दोरी. पाटीवर इंग्रजी आणि कानडी, दोन्ही मला सारखीच. पण टेबल मला वाचता आलं. डाव्या हाताला गन, म्हणजे माणूस डावरा. स्क्रू काडेपेटीच्या खोक्यात. चष्म्याची एक काडी वायरीनं बांधलेली. चहाचा कप, तळाशी काळी पुटं. सगळं तुझ्यासारखं. फक्त वास नव्हता. तू गननं वायरीला डाग द्यायला बसलीस की राळेचा धूर उठायचा, तुझ्या पदराला, केसाला, भाकरीलासुद्धा तोच वास. हितं फरशी पुसायच्या औषधाचा वास येत होता.

वेल्ह्याच्या यष्टी स्टँडसमोर तुझं टेबल होतं तेव्हा तोरण्याखालच्या वाड्या-वस्त्यांवरनं माणसं यायची. रेडिओ, मिक्सर, बॅटऱ्या. भोरला मामाच्या दुकानात तू हे शिकलीस आणि आमचा बाप गेल्यावर गाळ्यात बसलीस, तर पहिलं वर्ष लोक रेडिओ दाखवायला आणायचे की बाई बघायला, ते कळत नव्हतं, असं तूच सांगायचीस. समोर एक बाकडं. काम झालं तरी त्यावरचं माणूस उठायचं न्हाई. आणि मी. नववीत शाळा सोडलेला, उभ्या उभ्या कशालाही हात घालणारा. एकदा मी कुणाचा तरी टेप उघडून, तसाच टाकून नदीवर गेलो. परत आलो तर तू ओरडली न्हाईस. तू स्टूल पुढं सरकवलंस. "हात लाव, पण बूड टेकून लाव. उभ्यानं करणारा निम्म्यात पळतो." मी बसलो. तू काहीतरी आणायला वळलीस आणि मी पळालो.

त्या दोरीपाशी उभा असताना मला खंडेनवमी आठवली. त्या दिवशी तू टेबल पुसून गन, पक्कड, मीटर असं ओळीनं मांडायचीस, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि मग दिवसभर कुणी हात लावायचा न्हाई. म्युझियमचं टेबल तसंच दिसत होतं. रोजचीच खंडेनवमी, फूल तेवढं न्हाई. पण एका खंडेनवमीला एक म्हातारा शेतकरी आला होता, भात पिकलेलं, रानडुकरं उतरलेली, आणि राखणीची बॅटरी बंद पडलेली. मीच त्याला म्हटलं, "आज हत्यारं पुजल्यात बाबा, उद्या या." तो बिचारा वळला. तू आतनं बाहेर आलीस आणि कुंकू लावलेला पेचकस तसाच उचललास. "देव जेवला आमचा. आता डुकरं जेवू देयाची व्हय?" म्हातारा हसला, तू हसलीस, आणि बॅटरी लागल्यावर त्यानं भर दुपारी तिचा उजेड माझ्या तोंडावर मारला.

तू गेल्यावर गाळ्याला मी कुलूप लावलं. किल्ली माझ्या पाकिटात. सुरतेला होती, हितंही आहे. आक्कानं मागच्या महिन्यात फोन केला होता. कामथडीत ती आता कपडे शिवते, घरात जागा न्हाई, कापड बेतायला तिला तुझं टेबल हवं होतं. मी भडकलो. "आईच्या टेबलावर तू झंपर बेतणार?"

"मग तू ये की," आक्का म्हणाली. "तू बस त्याच्यावर. तुला बसवतंय का कुठं?"

मी फोन कापला. तिनंही परत केला न्हाई. आई, आम्ही दोघंच राहिलो होतो, आणि महिनाभर ते दोघंही नव्हतो.

तर तिथला राखणदार, खाकी कपड्यातला म्हातारा, माझ्याजवळ आला. त्याला वाटलं असेल, हा एवढा वेळ उभा आहे, काही उचलतो की काय. मोडक्या हिंदीत मी सांगितलं की माझ्या आईचं असंच टेबल आहे. त्याचा चेहराच बदलला. "अम्मा? रिपेअर करती? किधर है?"

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "दुकान में."

"तो फोन लगाव ना! दिखाव उसको!" म्हातारा भलताच खूश. "मैं हूं, कोई कुछ नहीं बोलेगा." आणि माझ्या खांद्याशी येऊन उभाच राहिला. आता काय करायचं? काढ फोन. मी व्हिडिओ कॉल आक्काला लावला. ती उचलणार न्हाई, मग सुटलो, असा हिशोब. तिनं पहिल्या रिंगला उचलला. तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून मी कॅमेरा फिरवून टेबलावर धरला.

ती स्क्रीनजवळ वाकली. मग हळूच, "गाळा उघडलास व्हय रं? कधी आलास?"

मी काही बोलायच्या आत म्हातारा फोनवर वाकला. "अम्मा, नमस्ते! आपका बेटा अच्छा है. आधे घंटे से खडा है इधर, आपको याद करता."

आक्का येडी न्हाई. म्हातारा तिला आई समजतोय हे तिला कळलं, तसं फोनमधनं तिच्या शिलाई मशीनचं चाक थांबल्याचा आवाज आला. मग ती तुझ्या आवाजात बोलली. मुद्दाम न्हाई, तिचा आवाज आता तसाच झालाय, भरलेला, थोडा बसका. "उभं राहू देऊ नका त्याला," ती म्हणाली. "बसवा कुठंतरी. जेवलाय का विचारा."

म्हाताऱ्याला मराठी येत न्हाई, पण त्यानं मान हलवली आणि स्वतःची खुर्ची ओढून आणली. मी बसलो. दोरीच्या अलीकडं, टेबलासमोर, तुझ्या बाकड्यावरच्या गिऱ्हाइकासारखा. म्हातारा पाणी आणायला गेला तेव्हा मी आक्काला म्हटलं, "कुलूप तोड."

"किल्ली धाडून दे की. चांगलं कुलूप तोडतंय का कुणी?"

"तोड म्हटलं ना. टेम्पो करून घेऊन जा टेबल."

"त्याच्यावर डाग हायत जळाल्याचे. कापड अडकंल."

"मग वर काहीतरी अंथर."

"न्हाई," आक्का म्हणाली, "घासून बघते आधी." आणि जरा थांबून, "दसऱ्याला ये. तुझ्या तुझ्या डोळ्यानं बघ, काय करते ते." येतो म्हणालो. तिकीट अजून काढलं न्हाई.

हे लिहिलेलं मी कुणाला धाडणार न्हाई. धाडायचं तरी कुठं. आक्कालाही वाचून दाखवणार न्हाई, कारण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली की न्हाई मला ठाऊक न्हाई, आणि विचारायची हिंमत न्हाई. तिनं जेवलाय का म्हणून विचारलं, तेव्हा मी लगेच उत्तर दिलं होतं. "व्हय आई," असं म्हणालो होतो. आणि जेवलोही नव्हतो.