टपापलीकडे

शॉमबर्ग, ७ नोव्हेंबर २०२५

प्रिय रत्नामावशीला मैत्रीचा सप्रेम जयभीम.

तू म्हणशील, फोन असताना ही बया पत्र काय लिहायला लागली. ऑफिसातला अमेय नागपूरला निघालाय, त्याच्या हाती देतेय. इथं थंडी पडलीये. तुझ्या सांडगी मिरच्या संपत आल्यात, तुझा रशियन जावई त्या बिस्किटांसारख्या खातो. गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की नुसतं शेजारणीला सांगतेस?

अंतोनचं गाव व्लादिवोस्तोक. जपान समुद्रापलीकडे, मॉस्को मात्र कुठल्या कुठे. लहानपणापासून घरात जुनी जपानी गाडी, स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. कुणी त्यावरून नाक मुरडलं की म्हणतो, "मी रशियनच, पण समुद्राकडचा." इथं अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे पार्किंगमध्ये आमची रोज फजिती. चालवणारा सवयीनं उजव्या दाराशी, बसणारा डाव्या. मग टपावरून एकमेकांकडे बघून हसायचं आणि जागा बदलायच्या. जाताजाता तो मला टपली मारणारच.

परवा फोनवर मी म्हटलं ना, अंतोन आंघोळीला गेलाय? मावशी, तो इथं नाहीये. आजारी आईला भेटायला गेलाय. मी नकोच म्हणत होते. त्याच्या तिथल्या गाडीवर मित्रांनी लावलेलं जुनं स्टिकर आहे, 'तोंड समुद्राकडे, पाठ मॉस्कोकडे'. पोरांची टवाळी, दुसरं काय. पण युद्ध सुरू झाल्यापासून तिथं टवाळीचे दिवस राहिले नाहीत. म्हटलं, पोचल्यापोचल्या ते खरवडून काढ. तर म्हणे, "आधी आईला बघू दे यार."

सोमवारी त्याचा मेसेज आला. 'स्टिकरबद्दल विचारायला पोलिसांनी बोलावलंय. पासपोर्ट घेऊन ये म्हणाले. संध्याकाळी बोलू.'

तेव्हापासून फोन बंद आहे. सासूबाई नुसत्या रडतात, आणि मला त्यांची भाषा धड येत नाही. फोनवर हे बोलायचीही भीती वाटते, कोण ऐकत असेल काय माहीत. वेडी म्हण हवं तर. दारावर डिलिव्हरीवाला आला तरी आधी पडद्याआडून बघते. मी फार घाबरलेय गं.

आईला सांगू नकोस, तिचं बीपी वाढेल. तू मात्र ये. तुझा व्हिसा अजून आहे.

आज सकाळी ऑफिसला निघाले, सवयीनं उजव्या दाराशी गेले आणि टपावरून पलीकडे पाहिलं. शेजारच्या पद्मिनीकाकूंनी हाक मारेपर्यंत तशीच उभी होते.

तुझी,
अजून त्याच दाराशी उभी असलेली
मैत्री